येडशीच्या डोंगरात झोळीचा मुक्काम: परतीच्या पावसात ताडपत्री कशी बांधावी

परतीच्या पावसात बालाघाटाच्या डोंगररांगेत झाडांना झोळी टांगून रात्र काढता येते का, हे पाहण्यासाठी आम्ही तिघे सप्टेंबरच्या अखेरीस लातूरहून मुरूड, ढोकीमार्गे येडशीला गेलो. झोळी टांगणे हे त्यातले सोपे काम आहे. खरी कसोटी लागते ती वरच्या ताडपत्रीची, आणि तिच्याहूनही जास्त तिला धरून ठेवणाऱ्या मेखांची.

रामलिंगाचे मंदिर येडशीच्या अभयारण्यातल्या दरीत आहे. ते दिवसा पाहून घ्यावे. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही. मंदिराच्या परिसरात माकडे पुष्कळ आहेत, त्यामुळे तिथे सामान उघडे ठेवू नये. आम्ही मुक्काम केला तो हद्दीबाहेर, ओळखीच्या एका शेतकरी काकांच्या रानात, त्यांच्या चिंचा आणि कडुलिंबांच्या खाली. झोळ्या टांगलेल्या पाहून काकांनी विचारले, “ही लेकराची झोळी म्हणावी का थोरल्या माणसाची?” चिंचेखाली झोपू नये, असेही त्यांनी बजावले, पण झाडाची वाळलेली फांदी मात्र स्वतःच तोडून दिली. वर वाळके लाकूड किंवा आग्यामोहोळ नाही ना, हे उजेडातच पाहून घ्यावे. शेवग्यासारख्या ठिसूळ झाडाला झोळी बांधू नये.

आमची झोळी अकरा फुटी असल्याने दोन झाडांत बारा ते पंधरा फूट अंतर सोयीचे पडले. खोडाला दोरी न आवळता किमान एक इंच रुंदीचा पट्टा वापरावा, म्हणजे साल कापली जात नाही. पट्टा आडव्या रेषेशी सुमारे 30 अंशांचा कोन करील इतकी झोळी सैल सोडावी. त्या कोनात प्रत्येक बाजूवर साधारण तुमच्या वजनाइतका ताण येतो. झोळी ताणून कोन 15 अंशांवर आणला, तर तोच ताण जवळजवळ दुप्पट होतो. सैल टांगलेल्या अकरा फुटी झोळीची दोन टोके एकमेकांपासून नऊ फुटांवर येतात. त्यामुळे दहा फुटी ताडपत्री दोन्हीकडे जेमतेम अर्धा फूट पुढे येते आणि तिरक्या पावसाला ते पुरत नाही. आम्ही बारा बाय दहा फुटांची घेतली; बारा फुटांची बाजू झोळीच्या रेषेत ठेवली, की डोक्याकडे आणि पायाकडे दीड-दीड फूट आडोसा मिळतो.

बाजारातल्या ताडपत्रीला काठावर नुसत्या धातूच्या रिंगा असतात, आणि सगळा ताण त्या एका छिद्रावर येऊन कापड तिथूनच फाटत जाते. निघण्यापूर्वी लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेजवळच्या एका ताडपत्री शिवणाऱ्याकडून आम्ही चारही कोपऱ्यांना दुहेरी कापडाची ठिगळे लावून घेतली आणि त्यांवर पॉलिस्टर पट्टीचे लूप शिवून घेतले. सुती दोरा ओलाव्यात कुजतो, म्हणून दोराही पॉलिस्टरचाच मागावा. दोन्ही पाख्यांच्या मधोमध बाहेरून एकेक लूप घेतला, हा बदल सर्वांत उपयोगी पडला. तिथून दोरी बाहेर ओढली, की वाऱ्याने दबलेले कापड तोंडावर आपटत नाही. मात्र सुईचे प्रत्येक छिद्र गळते आणि ते बुजवावे लागते. कापडावर सिलिकॉनचा लेप असेल तर सिलिकॉनच चिकटते, पॉलियुरेथेनचा असेल तर त्याच जातीचे सीलर लागते. खरेदी करतानाच दुकानदाराला हे विचारून घ्यावे.

आढ्याची दोरी ताडपत्रीपासून वेगळी ठेवावी. आधी ती एकटीच दोन झाडांमध्ये, झोळीच्या पट्ट्याच्या वीतभर वर ताणावी आणि मग ताडपत्रीची दोन टोके प्रुसिक गाठीने तिला अडकवावीत. ही गाठ मुख्य दोरीपेक्षा बारीक दोरीची हवी. ती सैल असताना सरकते आणि ताण आला की जागच्या जागी धरते. दोरीचे दुसरे टोक आवळायला मालट्रकवाले माल आवळताना घालतात तीच गाठ घालावी, पण शेवट सुरगाठीचा करावा, म्हणजे अंधारात ओल्या हातांनीही एका झटक्यात सुटते. नायलॉन भिजले की सैलावते, म्हणून दोरी पॉलिस्टरची बरी.

मेखांचा प्रश्न इथे जमिनीगणिक बदलतो. डोंगराच्या उतारावर मुरूम आणि त्याखाली काळा बेसाल्ट असल्याने मेख चार बोटांच्या खाली जात नाही. तिथे बांधावरच्या मोठ्या दगडाला दोरीचा वेढा देऊन त्यावर दुसरा दगड ठेवणे हाच उपाय आहे. खाली काळ्या रानात उलटे घडते. कोरडी असताना भेगाळलेली ही माती पावसाने फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते, आणि ताडपत्रीबरोबर मिळालेली वीतभर लांबीची गोल मेख चिखलाच्या गोळ्यासकट अलगद वर येते. आमच्या सोबत्याची एक बाजू अशीच पहिल्या सरीत सुटली. नंतर काकांच्या कोठ्यातून बाभळीच्या दीड-दीड फुटी चपट्या खुंट्या आणल्या आणि डोके ताडपत्रीपासून उलट्या दिशेला कलते ठेवून ठोकल्या. वाऱ्याच्या बाजूला एकामागे एक अशा दोन खुंट्या ठोकून त्या आपसात बांधल्या. त्यानंतर एकही हलली नाही. प्रत्येक दोरीत सायकलच्या ट्यूबची वीतभर पट्टी घालावी. झोताचा धक्का ती झेलते. पट्टी तुटलीच तर ताडपत्री सुटू नये, म्हणून तिला समांतर थोडी सैल दोरी असू द्यावी.

पाऊस वरून येतो तसाच झाडाच्या खोडावरूनही येतो. पट्ट्यावरून वाहणारे पाणी झोळीकडे येऊ लागले, तेव्हा ताडपत्रीच्या काठाच्या आत पट्ट्याला सुतळीचा तुकडा बांधून त्याचे टोक खाली लोंबते सोडले. पाणी तिथे थांबून थेंबाथेंबाने खाली गळू लागले आणि पलीकडचा पट्टा कोरडा राहिला.

श्रावणातला वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, पण परतीच्या पावसाचा झोत ढग ज्या बाजूने येईल त्या बाजूने, सरीच्या आधीच धडकतो. म्हणून संध्याकाळीच दोन्ही पाख्यांच्या दोऱ्या अशा बांधाव्यात, की झोळीतून उतरल्यावर मिनिटभरात कड जमिनीपासून फूटभरावर आणता येईल.

विजा चमकू लागल्या तर ताडपत्री कितीही चांगली असली तरी झाडाखाली थांबायचे नाही. लखलखाट आणि गडगडाट यांत 30 सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, असे समजून पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे. उघड्या बाजूंचे पत्र्याचे शेड सुरक्षित नसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. ते घरूनच मोबाईलवर घेऊन निघावे. आम्हाला एका रात्री झोळ्या तशाच सोडून मोटारीत बसावे लागले.

सकाळी ताडपत्री ओली असतानाच गुंडाळावी लागते. घरी पोहोचल्याबरोबर ती उलगडून सावलीत वाळवावी, कारण ओलाव्यात बंद राहिली तर बुरशी धरते आणि पॉलियुरेथेनचा लेप चिकट होऊन सुटू लागतो.