तुम्ही विचारलंत म्हणून: एका पेपरवर एवढी नावं येतात कुठून?

‘हा पेपर आहे की लग्नपत्रिका?’ माझा एक शोधनिबंध पाहून नात्यातल्या एका काकांनी हे पहिल्यांदा विचारलं. त्यानंतर वेगवेगळ्या शब्दांत कितीतरी जणांनी विचारलंय. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला शाळांच्या शाळा लोटतात, तेव्हा शिक्षक विचारतात. व्याख्यान संपल्यावर कॉलेजची मुलं विचारतात. प्रश्न मुळात एकच: तुमच्या शोधनिबंधावर नावांची ही रांग असते, ही माणसं तुम्हाला भेटतात कुठे? आणि एवढ्या जणांत खरं काम कोण करतं?

मी पल्सर नावाच्या ताऱ्यांवर काम करते, त्यामुळे उत्तर माझ्याच गल्लीतलं देते. रसायनशास्त्रात किंवा शेतीसंशोधनात रीत वेगळी असेल.

लोकांना वाटतं, सारख्या विचारांची माणसं परिषदेत भेटतात, चहा पितात आणि मग एकत्र काम सुरू होतं. चहा होतोच. पण मी पाहिलेली टिकाऊ सहकार्यं अशी जुळलेली नाहीत. आधी आपल्या कामात एक भोक असतं, आपल्याकडे नसलेलं काहीतरी हवं असतं. ते ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे जावंच लागतं. आणि त्यालाही आपल्याकडचं काहीतरी हवं असेल तरच तो दुसऱ्या ईमेलला उत्तर देतो. मैत्री झालीच तर मागाहून होते.

२९ जून २०२३ ला गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या लाटांच्या, खुणा मिळाल्याचा एक निकाल जाहीर झाला, त्याचंच उदाहरण घ्या. पल्सर म्हणजे मरून गेलेल्या ताऱ्याचा गरगर फिरणारा, अतिशय घट्ट गाभा. काही पल्सर सेकंदाला शेकडो फेऱ्या मारतात आणि प्रत्येक फेरीला रेडिओलहरींचा एक ठोका पृथ्वीपर्यंत येतो. हे ठोके इतके नेमाने येतात की मधून एखादी प्रचंड गुरुत्वीय लहर गेली, तर तिच्यामुळे पडलेला मायक्रोसेकंदाहून कमी फरकही पकडता यावा, अशी कल्पना. अडचण अशी की ही एकेक लहर जायलाच वर्षानुवर्षं लागतात. म्हणजे निरीक्षणंही दशकांची हवीत. ती युरोपकडे होती: जर्मनीतल्या एफेल्सबर्गपासून इटलीतल्या सार्डिनियापर्यंत पाच मोठ्या दुर्बिणी आणि जवळपास पंचवीस वर्षांचा साठा.

मग त्यांना खोडद कशाला हवं होतं? ताऱ्यांच्या मधल्या जागेत विरळ वायू असतो, त्यातल्या इलेक्ट्रॉनांमुळे रेडिओलहरींना उशीर होतो. वारंवारता जितकी कमी तितका उशीर जास्त, आणि तो वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय पल्सरही हलतो, आपणही हलतो, त्यामुळे मधला वायू बदलत राहतो आणि उशीरही बदलत राहतो. हा उशीर नीट वजा केला नाही, तर वायूच्या खोड्यांनाच आपण गुरुत्वीय लहर समजून बसू. युरोपची बरीचशी निरीक्षणं १४०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासची. जीएमआरटीच्या तीस अँटेना गटांत वाटता येतात: काहींनी ३०० ते ५०० मेगाहर्ट्‌झवर ऐकायचं, काहींनी त्याच क्षणी १२६० ते १४६० वर. त्याच वायूमुळे होणारा उशीर १४०० ला जितका, त्याच्या सुमारे बारा पट ४०० ला. अर्थात तो मोजायला खोडद फारच सोयीचं.

त्यांच्याकडे वर्षं होती, आपल्याकडे कमी वारंवारता. ‘इंडियन पल्सर टायमिंग अरे’ या गटाचा, ज्यात जपानी शास्त्रज्ञही आहेत, त्या वेळचा डेटा होता जेमतेम साडेतीन वर्षांचा. पंचवीस वर्षांशेजारी साडेतीन! तरी दहा पल्सरसाठी तो युरोपच्या डेटात मिसळला गेला आणि निकाल दोन्ही गटांच्या नावाने आला. त्याच दिवशी अमेरिकेच्या, ऑस्ट्रेलियाच्या आणि चीनच्या गटांनी स्वतःच्या वेगळ्या डेटावरून आपापले निकाल जाहीर केले. एकमेकांशी चुरस असलेल्या गटांनी तारीख ठरवून एकत्र जाहीर करणं, हे मला त्या निकालाइतकंच विशेष वाटतं.

असं एकत्र यायच्या आधी काय होतं, ते बाहेर दिसत नाही. करार होतात. कुणाचा डेटा कुणी, कशासाठी आणि कधीपर्यंत वापरायचा. लिखाणाची धुरा कुणाकडे. मसुदा सगळ्यांना किती दिवस वाचायला द्यायचा. नाव कुणाचं घालायचं आणि गट सोडून गेलेल्याचं काय करायचं. नव्या विद्यार्थ्यांना हे वाचून वाटतं, एवढा अविश्वास? माझं मत उलटं आहे. हिशेब आधी लिहून ठेवला, की पुढे भांडायला कारणं कमी उरतात. तोंडी ठरलेल्या सहकार्यांतच मी जास्त कडवटपणा पाहिलाय.

करार झाला की कंटाळवाणं काम सुरू होतं. आमच्याकडे प्रत्येक पल्सरची एक ‘पार’ फाईल असते, तिच्यात त्याची सगळी कुंडली: फिरण्याचा वेग, आकाशातली जागा, जोडीदार तारा असला तर त्याची कक्षा. दुसरी ‘टिम’ फाईल, तिच्यात ठोके पोचल्याच्या वेळा. दोन देशांच्या फाईली एकत्र करायच्या तर प्रत्येक दुर्बिणीचं घड्याळ, प्रत्येक यंत्राचा स्वतःचा उशीर, ठोक्याचा मूळ आकार कुणी कसा धरलाय, हे सगळं जुळवावं लागतं. महिनोन्‌महिने यातच जातात, आणि माझ्या मते याच काळात माणसाची पारख होते. कोण चूक सापडली की लगेच कळवतो, कोण तीन आठवडे गप्प बसतो, ते इथेच दिसतं. पुढच्या प्रकल्पाला कुणाला बोलवायचं हे ठरतं ते या आठवणींवर, बायोडेटा त्यानंतर उघडला जातो. मीटिंगच्या वेळेच्या बाबतीत मात्र भारत नशीबवान. दुपारी दीड वाजता बसलो, की जपानात संध्याकाळचे पाच असतात आणि उन्हाळ्यात जर्मनीत सकाळचे दहा. अमेरिका आली की कुणाचीतरी झोप मोडतेच.

आता नावांबद्दल. मोठ्या गटांत बहुतेकदा नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने लागतात, म्हणजे पहिलं नाव मुख्य माणसाचं असतंच असं नाही. २०१५ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानाचा एकत्र पेपर काढला, त्यावर ५,१५४ नावं होती. ३३ पानांपैकी शास्त्र ९ पानांत आणि उरलेल्या २४ पानांत नावं व संस्था! आणि पहिलं नाव कुणाचं? जी. आद यांचं. आडनावच असं, की अ‍ॅटलसच्या पेपरांवर ते पहिले. उलट टोकही आहे. १९७५ मध्ये जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने लिहिलेल्या पेपरात सगळीकडे ‘आम्ही’ लिहून ठेवलं होतं. एकट्या लेखकाचं ‘आम्ही’ नियतकालिकाला चालणार नव्हतं. पुन्हा टाइप करायचा कंटाळा, म्हणून त्याने आपल्या मांजराला एफ. डी. सी. विलर्ड या नावाने सहलेखक केलं, आणि तो छापूनही आला.

खरं काम कोण करतं, याला आता बरीच नियतकालिकं उत्तर मागतात. चौदा भूमिकांची एक ठरलेली यादी आहे: कल्पना, सॉफ्टवेअर, डेटा सांभाळणं, मसुदा लिहिणं, निधी मिळवणं वगैरे. कुणी काय केलं ते तिच्यातून सांगायचं. यादी बरी आहे, पण खोडदला रात्रपाळीत बसणारे ऑपरेटर, वारा वाढला की अँटेना सुरक्षित ठेवणारे, पंचेचाळीस मीटरच्या तबकड्यांवर चढून दुरुस्ती करणारे, हे त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी पेपराच्या शेवटी एक छापील वाक्य असतं: ही निरीक्षणं शक्य करणाऱ्या जीएमआरटीच्या कर्मचाऱ्यांचे आभार. वर्षानुवर्षं तेच वाक्य. मला ते अपुरं वाटतं. नावांची यादी लांब झाली म्हणून हसणाऱ्यांना मी म्हणते, काही नावं तर अजून आलेलीच नाहीत.

मग छोट्या गावातल्या कॉलेजातल्या माणसाने यात शिरायचं कसं? पुण्यातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था १९८८ मध्ये नेमकी यासाठी निघाली. विद्यापीठं आणि महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना येऊन राहता यावं, वाचनालय आणि संगणक वापरता यावेत, आणि जेवणाच्या टेबलावर कुणीतरी त्यांच्याच प्रश्नावर काम करणारं भेटावं, म्हणून. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. वर्गावर शिकवून दमलेला प्राध्यापक सुट्टीत तिथे येतो आणि जाताना एक अर्धा लिहिलेला पेपर घेऊन जातो, हे मी अनेकदा पाहिलंय.

विद्यार्थी ईमेल लिहितात. ‘मला खगोलशास्त्राची अत्यंत आवड आहे, कृपया संधी द्यावी’ असं लिहिलेल्या पत्राला काय उत्तर द्यावं, मला खरंच कळत नाही. ‘तुमच्या पेपरातल्या तिसऱ्या आलेखात हा बिंदू बाकीच्यांपासून दूर का आहे?’ या पत्राला मी त्याच दिवशी उत्तर देते. १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोसांनी आइन्स्टाइनना पत्र पाठवलं, तेव्हा सोबत पूर्ण लिहिलेला निबंध होता. आइन्स्टाइनने स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून तो छापायला दिला. बोसांची बुद्धी सगळ्यांकडे नसते, हे कबूल. पण पत्रासोबत काहीतरी केलेलं काम जोडणं कुणालाही जमतं.

आणि काही सहकारी तर भेटतच नाहीत. जीएमआरटीवर वेळ मिळवायला जगातून कुठूनही अर्ज करता येतो. अर्ज वर्षातून दोनदा मागवतात, एक समिती ते तपासते. ज्यांनी निरीक्षण घेतलं त्यांच्याकडे डेटा ठरावीक मुदत राखीव राहतो आणि मग संग्रहात सगळ्यांसाठी खुला होतो. २०१० ते २०१२ दरम्यान १५० मेगाहर्ट्‌झवर जवळजवळ सगळं आकाश पाहून झालं होतं. तो खुला झालेला साठा हाउब इंटेमा आणि त्याच्या सोबत्यांनी नव्या पद्धतीने पुन्हा तपासून काढला आणि सव्वासहा लाखांच्या आसपास रेडिओस्रोतांची, म्हणजे रेडिओलहरी सोडणाऱ्या आकाशातल्या वस्तूंची, यादी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. अँटेना फिरवणारे वेगळे, यादी करणारे वेगळे. आज ती यादी असे लोक वापरतात ज्यांनी खोडद नकाशावरही पाहिलेलं नाही.

‘म्हणजे आम्हालाही तो डेटा उघडता येईल?’ हा यानंतरचा प्रश्न असतो. हो. संग्रहात नोंदणी करायची आणि डेटा मागवायचा. फाईली अवाढव्य असतात, त्यामुळे चांगलं इंटरनेट आणि रिकामी हार्ड डिस्क लागेल. डेटा साफ करून चित्र काढायचं सॉफ्टवेअर, कासा, फुकट मिळतं. शिकायला मात्र काही महिने द्यावे लागतात. काही विचित्र दिसलं, तर आधी आकाशाच्या त्या तुकड्यावर कुणी लिहिलंय ते शोधा आणि त्यांना पत्र टाका. चित्र जोडायला विसरू नका.