वॉर्निंग हवी, फाईल नको

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा गाळा आहे, टॉवेलच्या लूमला लागणारे कंट्रोलर बनवतो. त्यातला सी या भाषेतला कोड माझ्या आधी बऱ्याच जणांनी लिहून सोडलेला, कुणाचा कुणाला मेळ नाही.

मे महिन्यात एका कारखानदाराचा फोन, लाईट जाऊन आली की पुढचा टॉवेल कधी चार बोटं आखूड येतोय तर कधी भलताच लांब, आणि दर वेळी नाही, कधीतरीच. आता टॉवेलची लांबी ठरते पिकवर, म्हणजे आडवा धागा किती वेळा गेला त्याच्या मोजणीवर, आणि लाईट आली की कंट्रोलर जुना आकडा मेमरीतून उचलून पुढं मोजतो. गडबड तिथंच कुठंतरी होती.

साहेब म्हणाले, "कोड तपास, पण बिल्ड करू नको." बिल्ड म्हणजे कोडपासून कंट्रोलरमध्ये टाकायची फाईल बनवणं. कारण आमच्या बिल्डच्या फोल्डरमध्ये नवीन फाईल पडली की सर्व्हिसची पोरं ती पेनड्राईव्हवर घेऊन सरळ गिऱ्हाइकाकडं जातात, विचारत पण नाहीत. म्हणजे मला वॉर्निंग, कोडमधल्या संशयास्पद जागांबद्दल कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम) देतो त्या सूचना, सगळ्या पाहिजेत पण फाईल एकही नको.

मेकफाईल, म्हणजे बिल्ड कसं करायचं ते लिहिलेली फाईल, उघडली तर त्यात डॅश डब्ल्यू, छोटा डब्ल्यू! म्हणजे सगळ्या वॉर्निंग गप्प. कुणी घातला देव जाणे, पण ज्यानं घातला त्याला रोजची कटकट नको असणार. तो काढून वॉर्निंग चालू करणारे डॅश वॉल आणि एक्स्ट्रा लावलं आणि जीसीसीला, म्हणजे आमच्या कंपायलरला, सिंटॅक्स-ओन्ली सांगून सगळ्या फाईली फिरवल्या. न वापरलेले व्हेरिएबल, साइन्ड-अनसाइन्डची तुलना, असला कचरा ढीगभर आला, पण कामाचं काही नाही. शेजारचा पोरगा म्हणतो, "सोड की बे, हार्डवेअरच असंल."

पण सिंटॅक्स-ओन्लीमध्ये जीसीसी व्याकरण आणि टाईप बघून तिथंच थांबतो. एखादं व्हेरिएबल सगळ्या वाटांनी भरलं जातंय का, हे ऑप्टिमायझर, म्हणजे कोड सुटसुटीत करणारा कंपायलरचा भाग, चालला तरच नीट कळतं, आणि गाडी तिथपर्यंत जातच नाही. ‘मेबी अनइनिशियलाइज्ड’ ही वॉर्निंग डॅश वॉलमध्ये असते खरी, पण ऑप्टिमायझेशन चालू नसेल तर ती येतच नाही. म्हणून मग ओ-टू लावून ऑप्टिमायझर चालू केला, डॅश मोठा एस देऊन असेंब्लीपर्यंतच, म्हणजे मशीनच्या भाषेच्या एक पायरी अलीकडंपर्यंतच, नेलं आणि ती असेंब्ली डेव्ह-नलमध्ये, म्हणजे टाकलेलं काहीच न ठेवणाऱ्या जागी, सोडली. कंपायलर पूर्ण राबतो आणि फोल्डरमध्ये काही उरत नाही. हां, एक बघायचं, बिल्डमध्ये जे डॅश-डी, म्हणजे कोडचे ठरावीक भाग चालू करणारी नावं, दिलेत तेच इथं द्यायचे, नाहीतर इफडेफमधला, म्हणजे ते नाव दिलं तरच धरला जाणारा, कोड कंपायलरला दिसतच नाही आणि आपण उगाच खूश.

आणि आली की वॉर्निंग! पॉवर-रिझ्युमच्या फंक्शनमध्ये, ‘उरलेले पिक’ हे व्हेरिएबल न भरता वापरलं जाऊ शकतं. बघितलं तर स्विचमध्ये, म्हणजे टॉवेलचा कुठला भाग चालू आहे ते बघून कोड वाट निवडतो तिथं, पाइलची (लूपवाल्या भागाची) केस आहे, बॉर्डरची आहे, झालरीची नाहीच, डिफॉल्ट, म्हणजे बाकी सगळ्यांसाठीची वाट, पण नाही. झालर चालू असताना लाईट गेली तरच घोटाळा, आणि झालर असते थोडीशीच, म्हणून ‘कधीतरीच’. त्या जागी आधी जे काही पडलेलं असेल तेवढे पिक मोजून मोकळं.

झालरीची केस घातली, डिफॉल्टला लूम थांबवून अलार्म दिला, मग रीतसर बिल्ड, आणि दुपारी उन्हात त्या कारखान्यात. झालर सुरू झाली की जॉबरला, म्हणजे लूम सांभाळणाऱ्या मिस्त्रीला, एमसीबी पाडायला सांगायचो. सुरुवातीला तो तयारच होईना, चालू मशीनची लाईट कोण घालवतो म्हणे. टेपनं मोजले, टॉवेल सगळे सारखे.

मालक खूश झाले, चहा पाजला, आणि निघताना म्हणाले, "आधी जो खराब म्हणून सेकंडमध्ये गेला माल त्याचं काय करताय?" मी साहेबांचा नंबर दिला आणि गाडीला किक मारली.