सूट परत करायला आलेले काका

थकलेल्या कर्जात सूट मागणारी माणसं मी बँकेत रोज बघते. मिळालेली सूट परत करायला आलेला माणूस मात्र तो पहिलाच.

इचलकरंजीतलं जुनं खातं. काकांचे आठ माग, सगळे खर्चीवर; म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, यांची फक्त मजुरी. नोटाबंदीनंतर काम तुटलं, वीजबिल थकलं, नव्वद दिवस हप्ता आला नाही आणि खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत, गेलं. शेवटी माग भंगाराच्या भावानं विकून त्यांनी एकरकमी तडजोड केली. येणं चार लाख ऐंशी हजार, भरले तीन लाख, बाकीचं बँकेनं सोडलं. आता ते दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करतात.

मुलीच्या नर्सिंगच्या शैक्षणिक कर्जाला ते सहकर्जदार झाले आणि दुसऱ्या बँकेनं अर्ज परत केला. "मॅडम, देणं राहिलं नाही म्हणून तुमचंच पत्र हाय की माझ्याकडं!" पत्र खरंच होतं. मी सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा कागद, काढून दाखवला. खात्यापुढे 'क्लोज्ड' नव्हे, 'सेटल्ड' लिहिलेलं. आमच्या लेखी बाकी शून्य. पण पुढचा कर्ज देणारा वाचतो ते एवढंच, की या माणसापायी आधीच्या बँकेला खोट बसली. तडजोडीच्या पत्रातच हे मराठीत दोन ओळी छापायला काय हरकत आहे, मला अजून कळलेलं नाही. ते कुणी सांगत नाही म्हणून तर 'सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्या एजंटांचं फावतं. काकांकडूनही एकानं पंधरा हजार उकळले होते. वास्तविक चुकीची नोंद असेल तर तक्रार फुकट करता येते, आणि तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. बरोबर असलेली नोंद मात्र कुणाच्या बापाला पुसता येत नाही.

"मग ऱ्हायलेलं भरून घ्या," म्हणत त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. भिशी उचलून आणली होती.

मी स्पष्ट सांगितलं, की कायद्यानं तुम्ही काही लागत नाही. भरलंत तर शेरा बदलेल, पण जुने चुकलेले हप्ते दिसत राहतील, आणि मुलीच्या कर्जाची हमी मी देऊ शकत नाही. त्यावर ते म्हणाले, "ते कळलं. पावती कधी मिळंल?"

आमची खरी पंचाईत पुढे झाली. सिस्टीममध्ये खातं बंद, मग पैसे जमा कुठं करायचे? मॅनेजर म्हणाले, नको, ऑडिटला उत्तर कोण देणार. आपल्याकडे बुडालेल्या साध्या माणसाला दिवाळखोरीचा धड रस्ताही नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग आजवर लागू झाला तो कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. काकांसारख्यांना कागदावर १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. म्हणून सगळे तडजोडीच्या दाराने बाहेर पडतात, आणि त्या दारानं कुणी परत येईल असं आमच्या फॉर्म छापणाऱ्याच्या स्वप्नातही नसावं.

प्रादेशिक कार्यालयाला फोन लावत दुपार गेली. शेवटी वसुली विभागातल्या एका जुन्या साहेबांनी वाट काढली. स्वखुशीनं भरत असल्याचा अर्ज घ्या, रोख आधी बचत खात्यात, पॅन लावून, आणि तिथून निर्लेखित, म्हणजे बँकेनं बुडीत धरून हिशेबातून काढलेल्या, कर्जाच्या वसुलीत वळवा. काका तोवर बाकावर बसून होते. मध्येच येऊन त्यांनी विचारलं, "एवढ्या वर्षांचं व्याज किती धरलं?" ते आम्ही घेतलं नाही.

आता सिबिलकडे माहिती निदान पंधरवड्याला जाते, त्यामुळे 'क्लोज्ड' लवकर दिसलं. पुढच्या नोंदी तरी चांगल्या दिसाव्यात म्हणून ठेवीवर मिळणारं एक छोटं क्रेडिट कार्ड मी त्यांना काढून दिलं. त्यावर ते फक्त गॅसचं बिल भरतात आणि मुदतीआधी पैसे भरायला स्वतः काउंटरवर येतात. मुलीचं कर्ज झालं, पण मामाला सहकर्जदार घेऊन. काकांचं नाव त्या बँकेनं अजून घेतलेलं नाही. पुढच्या वर्षी परत विचारणार आहेत.