आमची वाटचाल : ४०० व्होल्टपासून १००० व्होल्टपर्यंत

जळगाव एमआयडीसीतलं आमचं युनिट छोटं. सुरुवात कॉलेजांच्या फिजिक्स लॅबना लागणाऱ्या गायगर काउंटरच्या (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राच्या) पॉवर सप्लायपासून झाली. एसबीएम-२० ही सोव्हिएत बनावटीची गायगर नळी ४०० व्होल्टवर चालते आणि ३५० ते ४७५ पर्यंत सांभाळून घेते, म्हणून ५५५ आयसी, चोक, ट्रान्झिस्टर आणि डायोड एवढ्यावर काम भागलं. पथ्य एकच: ५.१ मेगोहमचा रेझिस्टर नळीच्या अॅनोडला (धन टोकाला) खेटून हवा. तो बोर्डावर ठेवून पुढे मीटरभर वायर ओढली, की त्या वायरीत साठलेला चार्जही दर पल्सला नळीतून जातो आणि नळी लवकर थकते.

तक्रार मात्र ठरलेली यायची, ‘मीटर २७० व्होल्टच दाखवतोय.’ सप्लाय ठीक असतो. आउटपुटला फिल्टरचा ४.७ मेगोहम आहे, साधा मल्टीमीटर स्वतः १० मेगोहमचा. दोघांत विभागणी होऊन ४०० चे २७२ उरतात. म्हणून १०० मेगोहमचे दहा रेझिस्टर एकापुढे एक जोडून प्रोब करायचा आणि आकड्याला १०१ ने गुणायचं. चूक दोन व्होल्टच्या आत येते. एकच मोठा रेझिस्टर चालत नाही. पाव वॉटचा रेझिस्टर साधारण २५० व्होल्टपर्यंतच सोसतो.

पुढे सिंटिलेशन डिटेक्टरची (किरण पडल्यावर उमटणारी चमक मोजणाऱ्या यंत्रांची) कामं आली आणि खरी परीक्षा तिथे झाली. त्यातल्या फोटोमल्टिप्लायरला (ती चमक विजेच्या संकेतात बदलून वाढवणाऱ्या नळीला) १००० व्होल्टच्या आसपास लागतात आणि व्होल्टेज १ टक्का हललं तर गेन, म्हणजे संकेत वाढवण्याचं प्रमाण, ७ टक्क्यांच्या आसपास हलतो. कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन मल्टिप्लायरमध्ये (डायोड-कपॅसिटरच्या पायऱ्यांनी व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटमध्ये) १एन४००७ डायोड टाकायचा मोह होतो, कारण तो कुठल्याही दुकानात मिळतो. ३० किलोहर्ट्झला तो वेळेत बंदच होत नाही, तापतो आणि आउटपुट बसतं. तिथे झटकन बंद होणारा यूएफ४००७ च हवा.

त्याहून छळते ती विजेची गळती. उन्हाळाभर बोर्डावर काळ्या मातीची बारीक धूळ बसते. मे महिन्यात ४५ अंशांतही सगळं सुरळीत चालतं. मृगाचा पहिला दमट दिवस उजाडला की आकडे घसरतात. फीडबॅक डिव्हायडरचा (आउटपुटचा ठरावीक हिस्सा सर्किटला परत दाखवणाऱ्या रेझिस्टर-जोडीचा) वरचा हात १०० मेगोहमचा. त्याच्या दोन टोकांमध्ये सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स आणि धूळ यांतून १ गिगाओहमची वाट तयार झाली, तर तो ९१ मेगोहमचा होऊन बसतो. सर्किटला वाटतं व्होल्टेज वाढलं, आणि ते ९ टक्के खाली आणतं. गायगर नळीला याचा पत्ताही लागत नाही. फोटोमल्टिप्लायरचा गेन मात्र जवळपास निम्मा होतो! यावर आता त्या रेझिस्टरखाली पीसीबीला आरपार खाच पाडतो, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा घासून धुतो, ६० अंशांवर दोन तास वाळवतो आणि मगच कोटिंग. न धुता कोटिंग मारलं तर घाण आत कायमची बंद होते.

हाच रेझिस्टर तुटला तर उलटं होतं. फीडबॅक शून्य दिसतो आणि सप्लाय जीव तोडून वर पळतो. म्हणून दुसरा, पूर्ण वेगळा डिव्हायडर ११०० व्होल्टला ऑसिलेटर बंद करतो. हा खर्च वाचवू नये.

आउटपुट कपॅसिटर १० नॅनोफॅरडचाच ठेवतो. १००० व्होल्टला त्यात ५ मिलिज्यूल साठतात. तिथे १ मायक्रोफॅरड लावला तर अर्धा ज्यूल. १०० मेगोहमचा वेगळा ब्लीडर (साठलेला चार्ज काढून टाकणारा रेझिस्टर) पाच सेकंदांत व्होल्टेज १० च्या खाली आणतो. तरी झाकण काढल्यावर १ मेगोहमची डिस्चार्ज काडी लावून मगच हात घालायचा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची नाही, आणि दुसरा हात खिशात. कनेक्टर एसएचव्हीच, म्हणजे जास्त व्होल्टेजसाठीचा. नेहमीचा बीएनसी कनेक्टर साधारण ५०० व्होल्टचा. तो हजारावर वापरलेले बोर्ड दुरुस्तीला येतात तेव्हा आतलं इन्सुलेशन काळं पडलेलं असतं. आणि व्होल्टेज चालू असताना फोटोमल्टिप्लायरवर उजेड पडू द्यायचा नाही, मोबाइलच्या टॉर्चचासुद्धा.

कॅलिब्रेशन आम्ही करत नाही. ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं काम. इथे फक्त ‘मोजतोय की नाही’ एवढं बघतो, आणि त्यासाठी रावेर-यावलच्या केळीच्या बागांना घालतात तेच म्युरिएट ऑफ पोटॅश पुरतं. पोटॅशियम-४० या किरणोत्सारी घटकामुळे त्याच्या एका किलोत सेकंदाला सुमारे १५,००० विघटनं होतात. आधी दहा मिनिटं नुसती पार्श्वभूमी मोजायची, मग पोटॅशची पिशवी नळीला टेकवून आणखी दहा मिनिटं. पिशवी प्लॅस्टिकचीच घ्यावी. पोटॅश ओल धरतं, आणि ती ओल बोर्डावर गेली की पुन्हा धुण्यापासून सुरुवात.