पाच दिवस न ढवळलेली बाटली

जुलैतली पुण्याची दमट हवा, आणि आम्हाला करायचं होतं ५० लाख रेणुभाराचं पॉलिस्टायरीन. मायकेल श्वार्त्स यांनी १९५६ साली दाखवलेली ‘जिवंत’ पॉलिमरची रीत. इनिशिएटरचा एकेक रेणू एकेक साखळी सुरू करतो आणि मोनोमर (साखळीचा एकेक दुवा, इथे स्टायरीन) संपेपर्यंत ती वाढत राहते. त्यामुळे १० ग्रॅम स्टायरीनला इनिशिएटर, म्हणजे सेक-ब्युटिललिथियम, अवघं २ मायक्रोमोल. ते सगळं मारायला ३६ मायक्रोग्रॅम पाणी पुरतं, खसखशीच्या दाण्याहूनही लहान थेंब! आधीचे तीन प्रयोग असेच वाया गेले होते.

चौथ्यांदा काचेची अख्खी लाइन निर्वातात तापवली. स्टायरीन आधी कॅल्शियम हायड्राइडवर, मग डायब्युटिलमॅग्नेशियमवर सुकवलं. एरवी बेंझिनमध्ये छान नारिंगी रंग येतो, त्यावरून साखळ्या जिवंत आहेत हे कळतं. इथे इनिशिएटर इतका कमी की जेमतेम पिवळसर झाक. ती खरी की भास, हे पाहत मी रात्री उशिरापर्यंत थांबले.

सकाळी फ्लास्कमधला चुंबक अडकून पडला होता, द्रावण इतकं घट्ट! मिथेनॉलमध्ये ओतल्यावर सुतरफेणीसारखे पांढरे तंतू निघाले. मला रडूच आलं.

पण जीपीसीवर, म्हणजे द्रावणातल्या साखळ्या आकारानुसार वेगळ्या करून रेणुभार काढणाऱ्या यंत्रावर, आकडा आला चार लाख.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एकच विचारलं, “विरघळवलंस कसं?” टीएचएफ या द्रावकात ते नुसतं फुगून बसलं होतं, म्हणून मी अर्धा तास प्रोब सोनिकेटर (द्रवात ध्वनिलहरी सोडणारी दांडी) लावला होता. तिथेच घात झाला. ५० लाखांची साखळी ताणून सरळ केली तर साधारण १२ मायक्रॉन भरते, केसाच्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी. रेणूच्या मानाने ही लांबी प्रचंड. ध्वनिलहरींनी झालेले बुडबुडे फुटतात तेव्हा भोवतालचा द्रव तिला ओढतो आणि ती मधोमधच्या आसपास तुटते. मग त्या तुकड्यांचेही तुकडे.

त्याच तंतूंचा नवा नमुना टीएचएफसह बाटलीत घातला आणि पाच दिवस ढवळायचं नाही असं ठरवलं. सकाळ-संध्याकाळ बाटली हलकेच आडवी करायची, एवढंच. मग साखळ्या तिथेही तुटू नयेत म्हणून जीपीसीचा प्रवाहही कमी ठेवला, जोडीला विखुरलेल्या प्रकाशावरून रेणुभार मोजणारा लाइट स्कॅटरिंग डिटेक्टर.

६१ लाख!

मॅडमनी कागदावर भागाकार केला. “इनिशिएटरचा जवळजवळ पाचवा हिस्सा ओलाव्याने खाल्ला. उरलेल्या साखळ्यांना त्यांचाही वाटा मिळाला.” आणि वहीत तारखेपुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात तो आकडा लिहिला.