आठ सिलिंडरांची कात्री

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ‘बाई, पेन्शनचे पैसे असे कात्र्या-सुऱ्यांत का घालता? आजवर चाललंच ना तुमचं?’ मावसबहिणीने हे फोनवर विचारलं, जावयाने हसत विचारलं आणि समोरच्या काकूंनी जराही न हसता विचारलं, “काब्रं व माय, इतला पैसा? बाजारमा साधी कात्री मियस नही का?” काकूंनी तिथल्या तिथे हिशोबही करून दिला. एवढ्यात गॅसचे आठ सिलिंडर आले असते. हिशोब बरोबर आहे. त्या गेल्यावर मी कागदावर करून पाहिला.

मी डावखुरी आहे हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक असूनही प्रश्न येतोच, म्हणून यावेळी जरा सविस्तर.

घेतलं काय, ते आधी. झाडं छाटायची कात्री, जिला द्राक्ष-डाळिंबवाले सिकेटर म्हणतात, ती खास डाव्या हाताची. फेल्को कंपनीची 9 नंबरची, स्वित्झर्लंडची. ही कंपनी निघाली 1945 साली. आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाची कंपनी निघाली तीही त्याच साली, आणि तिचीच पुढे विप्रो झाली, हे अमळनेरचं माणूस कुठेही घुसवतंच, तसं मीही घुसवलं. तर कात्री. मग डाव्या हाताचं पीलर, स्वयंपाकघरातली कात्री, एक सुरी. आणि भरीत ठेचायला लाकडाची नवी बडगी. बडगीला डावं-उजवं काही नसतं, पण त्याच महिन्यात आली म्हणून तिच्यावरही बोट ठेवलं गेलं.

साधी सिकेटर डाव्या हातात धरली की धारेचं पातं समोरच्या बोथट आकड्याच्या आड जातं आणि आपण नेमकं कुठे कापतोय ते दिसत नाही. एक तर मान वाकडी करून बघा, नाहीतर मनगट उलटं वळवा. बंद करायचा खटका अंगठ्याखाली यायला हवा, तो बोटांच्या बाजूला जातो. पात्याची बाजू राहणाऱ्या फांदीकडे असली तर काप फांदीलगत स्वच्छ येतो. आकड्याची बाजू तिकडे गेली की ठुसका, म्हणजे कापलेल्या फांदीचा खुंट राहतो, साल चेचते. माझ्या कागदी लिंबावर असे ठुसके वाळत वाळत खालच्या जाड फांदीपर्यंत उतरले आहेत. घरातल्या साध्या कात्रीचं तर कोणालाही करून बघता येईल. उजव्या हाताच्या बोटांचा दाब दोन्ही पाती एकमेकांवर आणतो, डाव्या हाताचा तोच दाब त्यांना फाकवतो. कोथिंबीर कापली जात नाही, दोन पात्यांच्या मध्ये दुमडून बसते. मापाचं भांडं डाव्या हातात धरलं की आकडे पलीकडच्या बाजूला. पावाच्या दातेरी सुरीची धार एकाच अंगाने काढलेली, म्हणून पाव तिरपा उतरतो. हे सगळं क्षुल्लक आहे हे मलाही कळतं. रोजचं आहे, एवढंच.

गंमत अशी की आईच्या चुलीपाशी मला हा त्रास जवळजवळ नव्हता. विळीला हात कळत नाही, दोन्ही हातांनी वांगं पात्यावर ढकलायचं. पाटा-वरवंट्याला दोन्ही हात लागतात. खापरावरची पुरणपोळी तर दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठी करायची, तिथे कोणता हात पुढे हे बघणार कोण? माझे मांडे चांगले होतात, हे तुमच्यापैकी खाल्लेल्यांनी सांगावं. डावं-उजवं सुरू झालं ते ओट्यावर सुरी आली तेव्हा. आणि त्याच्या कितीतरी आधी, शेतात.

विळ्याची धार एका अंगाने घासलेली असते. उजव्या हाताने ओढला तर तो ज्वारीच्या ताटाच्या बुडाशी बसतो. डाव्या हातात तोच विळा उलटा होतो, धार वर सरकते आणि ताट निसटतं. आमचं गाव तापीकाठचं, जमीन काळी. हिवाळ्यातली दादर ज्वारी मुरलेल्या ओलीवर येते आणि फाल्गुनाच्या सुमारास काढणीला असते. बारा-तेरा वर्षांची असताना अशाच निसटलेल्या विळ्याचा घाव माझ्या पोटरीवर बसला. आई म्हणाली, उजव्या हातानं कर. नाना, म्हणजे माझे वडील, काही म्हणाले नाहीत. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, पेरणीच्या आधी, गाडीलोहारांची पालं गावाबाहेर पडली तेव्हा ते मला तिथे घेऊन गेले आणि पुढे करून म्हणाले, “हिना हात दखा.” लोहाराने माझे दोन्ही हात उलटसुलट पाहिले, एकदा हसला, आणि ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा तुकडा भट्टीत घातला. तो सांडशीत धरायचा, त्याची बायको घण मारायची. धार त्याने दुसऱ्या अंगाने काढली, पाणी पाजलं, बाभळीची मूठ बसवली. पैसे इतर विळ्यांएवढेच घेतले. स्वित्झर्लंडवाल्यांनी हे शिकण्यासारखं आहे.

पुढच्या हंगामात मी आईच्या बरोबरीने पात काढली. रोज संध्याकाळी विळ्यावर तेलाचं बोट फिरवून तो खिळ्याला टांगायची. खंडेनवमीला इतर हत्यारांसोबत तोही धुतला जायचा आणि त्याला हळद-कुंकू आईच लावायची. हे मुद्दाम सांगते.

1986 साली मला पाहायला पहिले पाहुणे आले. पाण्याचा तांब्या मी डाव्या हाताने पुढे केला. मुद्दाम नाही, तोच हात निघाला. आठवड्याभरात निरोप आला की पोर चांगली आहे, पण डाव्या हाताची सून नैवेद्य कसा दाखवणार. त्या रात्री आई-नानांचं भांडण मी पांघरुणातून ऐकलं. “डावरी पोरले कोन करी?” आई म्हणत होती. नाना म्हणाले, “मनी पोर काय लंगडी शे का?” त्यावर आई बराच वेळ गप्प होती. ती हरली असं मला वाटलं होतं.

दुसरे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी मैत्रिणीकडून घरी आले तर धाकटा भाऊ ओट्यावर बसून कागदातला खजूर खात होता. लोखंडावर खजूर देणारा भंगारवाला तेव्हा सायकलवरून गावोगाव फिरायचा. भावाने मला एक दिला, मी खाल्ला. चिकट हात धुवायला मोरीकडे गेले. मोरीशेजारच्या भिंतीवर तीन विळे टांगलेले असायचे. दोन होते. मी आईला विचारलं. ती पाहुण्यांसाठी पोहे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तो गंजी जायेल व्हता.”

तो गंजलेला नव्हता. माझ्या तोंडात अजून खजुराची बी होती आणि ती कुठे टाकावी ते मला सुचेना.

नंतर विचार केला तेव्हा आईचं गणित कळलं. हात लपवता येतो. पोरीला तासभर उजवा हात पुढे करायला सांगता येतं. पण पाहुण्यांसोबतच्या बायका हात-पाय धुवायला मोरीकडे जाणारच, आणि शेतकऱ्याच्या घरची बाई भिंतीवरचा डावा विळा एका नजरेत ओळखते. लपवून ठेवता आला असता, असं मी वर्षानुवर्षं मनात तिला म्हणत आले. कणगीमागे, माळ्यावर, कुठेही. तिने तो लपवला नाही, विकला, आणि विकून खजूर घेतला. खजूर का, हे मला अजून पचत नाही. पैसे घेतले असते तर कदाचित इतकं लागलं नसतं. आणि नानांना तो खिळा दिसला असणारच. तेही बोलले नाहीत.

पाहुण्यांनी नाव लिहून दाखवायला सांगितलं. शाळेत गुरुजींनी छडीने लिहिण्याचा हात आधीच बदलून ठेवला होता, त्यामुळे अक्षर छान आलं. लग्न ठरलं. सासरी चार दिवसांत सगळं उघडं पडलं. सासूबाई भाकरी थापतानाचा माझा हात बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काम व्हयनं म्हंजे झायं.” बस. एवढंच. म्हणजे माझा विळा फुकट गेला? की लग्न होऊन गेलं होतं म्हणून त्यांना तसं म्हणणं परवडलं? त्यांना विचारायचं राहिलं, आता त्याही नाहीत. आईला एकदा विचारलं तर म्हणाली, तुझं भलंच झालं ना. झालं. ते मी नाकारत नाही.

आता तुमचा दुसरा मुद्दा, की एवढी वर्षं साध्या हत्यारांनी निभावलंच. निभावलं, आणि चांगलं निभावलं. हरभऱ्याच्या दिवसांत बामणोदची वांगी आणून साठ माणसांचं भरीत याच हातांनी केलेलं आहे, तेही काड्यांवर भाजून, गॅसच्या जाळीवर नव्हे. पाचवीच्या वर्गात ‘नाचता येईना अंगण वाकडं’ मी इतक्या तावाने शिकवायची की पोरं दचकायची. हत्याराला नावं ठेवणारा आळशी असतो, हे माझं तेव्हाचं मत होतं, आणि ती तेव्हाची बाई आजही मला पूर्ण खोटी पाडता येत नाही. तिने उजव्या हाताच्या कात्रीने शाळेच्या पताका कापल्या, अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पडेपर्यंत. तिला मी आज नवी कात्री दाखवली तर ती म्हणेल, लाड आहेत. मी म्हणेन, हो, लाडच आहेत. मग आमच्या दोघींत पुढे काय बोलणं होईल ते मला माहीत नाही. तिच्याकडे पैसे नव्हते हे तिचं मत बनण्यामागे किती होतं आणि खरंच पटलेलं किती होतं, हेही मला आता वेगळं काढता येत नाही.

एक गोष्ट कोणी विचारली नाही, तरी सांगते. सुरीची गरज नव्हती. भाजीची साधी सुरी दोन्ही अंगांनी घासलेली असते, ती कोणत्याही हाताला चालते. मी घेतलेली जपानी पद्धतीची, एकाच अंगाने धार काढलेली, आणि डाव्या हाताची म्हणून उजवीपेक्षा महाग. तिने कांदा पातळ होतो, हे खरं आहे. पण शेवभाजीच्या वाटणात तो कांदा भाजून, वाटूनच जाणार, पातळ केला काय आणि जाड केला काय! हौस म्हणून घेतली. हौसेला कारण लागतं का? यांनी तीन वर्षांपूर्वी मोठा टीव्ही घेतला तेव्हा काकूंनी सिलिंडर मोजले नव्हते.

बागेत फरक पडला का, तर थोडा. यंदा छाटलेल्या लिंबावर ठुसके नाहीत. बहर वाढला असं म्हणणार नाही, आमच्या धुळ्यातल्या देवपूरचं ऊन चव्वेचाळीस-पंचेचाळीसला गेलं की फुलं गळायची ती गळतातच. मागच्या रविवारी गुलाबाची वाळकी काडी काढायला यांनी माझी सिकेटर उचलली. दोनदा फांदी निसटली, तिसऱ्यांदा मान वाकडी करून बघायला लागले. “अगं, हिचं पातं कुठे जातंय तेच दिसत नाही.” मी म्हटलं, सवय होईल. त्यांनी ती खाली ठेवली आणि आत जाऊन जुनी घेऊन आले.

आता उलथनं करायला टाकलंय. भाकरी उलटायचं, डाव्या हाताला सोयीचं, तिरपी कड दुसऱ्या बाजूला. पारोळा रोडच्या एका लोहाराला कागदावर काढून दिलं, तर म्हणाला, ताई, चित्र उलटं काढलंय तुम्ही. उलटंच हवंय म्हटलं. पैसे साध्या उलथन्याचेच सांगितले त्याने. काकूंना तेवढं सांगा.