वाघाची किंमत एक डॉलर

सांगली-साताऱ्याहून आईवडील उन्हाळ्यात सिएटलला आले की वूडलँड पार्क झूची एक फेरी ठरलेली. बाहेर पडताना प्रश्नही ठरलेला. माणशी एवढं तिकीट, गाडी लावायचे पैसे वेगळे, आतली कॉफीसुद्धा महाग, आणि वर जागोजागी देणगीच्या पाट्या. मग ही 'ना नफा' संस्था कसली?

प्रश्न रास्त आहे. साखर कारखान्याचा, दूध संघाचा, पतसंस्थेचा छापील अहवाल आपल्या भागात घरोघरी येतो, आणि सर्वसाधारण सभेला जायचं नसलं तरी ताळेबंदाचं पान उलटून बघितलं जातं. इथल्या झूचं तेच पान उलटून बघू.

आधी मालकी. सिएटल महापालिकेने १८९९ मध्ये फिनी कुटुंबाची इस्टेट एक लाख डॉलरला विकत घेतली. आज त्या जागेवरच्या प्राणिसंग्रहालयाचं आवार ९२ एकरांचं आहे. पुढची शंभर वर्षं कारभार महापालिकेकडेच होता. २००२ मध्ये करार करून तो वूडलँड पार्क झूऑलॉजिकल सोसायटीकडे सोपवला गेला. जमीन शहराची, पण नोकरभरती, तिकिटाचे दर, जनावरांची देखभाल आणि देणग्या गोळा करणं सोसायटीचं. शहर दरवर्षी करारात ठरलेली रक्कम देतं. शिवाय किंग काउंटीतले लोक मतदान करून घरपट्टीवर जो जादा पार्क-कर मान्य करतात, त्यातूनही एक वाटा येतो. पुण्याचं कात्रजचं संग्रहालय किंवा भायखळ्याची राणीची बाग म्हणजे महापालिकेच्या अंदाजपत्रकातली एक नोंद. तूट आली तर महापालिका भरते. इथे करारातल्या रकमेपलीकडची तूट सोसायटीने स्वतः भरायची.

ना नफा म्हणजे शिल्लक राहू नये असं नाही. शिल्लक राहिलीच पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी छप्पर गळेल. फक्त ती कुणाच्या खिशात जाता कामा नये. लाभांश नाही, शेअर नाहीत, आणि संस्था बंद पडली तर मालमत्ता दुसऱ्या धर्मादाय संस्थेकडे किंवा सरकारकडे जाते. आपल्याकडच्यांचा इथे एक हमखास घोटाळा होतो. 'मेंबरशिप' घेतली म्हणजे आपण सभासद झालो, असं वाटतं. कारखान्याच्या सभासदाला मत असतं. इथल्या मेंबरला वर्षाचा पास मिळतो, मत नाही. संचालक मंडळ आपल्या नव्या सदस्यांची निवड स्वतःच करतं. संचालकांना मानधन नसतं. उलट त्यांनीच देणगी द्यावी आणि ओळखीपाळखीतून आणावी, अशी अपेक्षा असते.

आता जमेची बाजू. तिकिटं, मेंबरशिप, खानपान, दुकान, पार्किंग, उन्हाळ्यातल्या गाण्याच्या मैफली, हिवाळ्यातली कंदिलांची रोषणाई, ही सगळी कमावलेली जमा. तिचा सगळा भार मे ते सप्टेंबर या महिन्यांवर. सिएटलचा पाऊस म्हणजे आपल्यासारखा धो धो नाही, दिवसभर चालणारी रिपरिप. पण मे-जूनमधले दोन-तीन शनिवार-रविवार तिच्यात गेले तरी वर्षाचा अंदाज चुकतो. भर यात्रेच्या दिवशी पाऊस लागला की दुकानदार डोक्याला हात लावतो, तसंच. फरक एवढाच की दुकानदार माल झाकून घरी जाऊ शकतो. इथे गेटावर माणूस येवो न येवो, गोरिलाला सकाळी खायला लागतंच. २०२० मध्ये महामारीने अमेरिकेभरच्या संग्रहालयांची गेटं बंद केली, तेव्हा नेमकं हेच झालं. जमा थांबली, खर्च थांबला नाही.

म्हणून मेंबरशिपवर जोर. घरच्या पासाचे पैसे साधारण दोन-तीन फेऱ्यांत वसूल होतात, म्हणजे वरवर बघता संस्थेचा तोटाच. पण ते पैसे आगाऊ आणि पावसाची वाट न बघता येतात, आणि मेंबर आला की खातोपितोही.

देणग्यांचं गणित जास्त किचकट. हिशेबात त्यांचे दोन कप्पे असतात, अटीच्या आणि बिनअटीच्या. नव्या दालनासाठी दिलेले पैसे त्या दालनावरच खर्च करावे लागतात. त्यातून पगार भागवता येत नाही. देणगीदाराला आपल्या नावाची पाटी हवी असते, आणि पाटी जुन्या गटारावर किंवा पंपावर लागत नाही. देवळाच्या कळसाला पैसे पटकन जमतात, मागच्या भिंतीच्या गिलाव्याला जमत नाहीत, तसं. मग नवं दालन दिमाखात उघडतं, आणि त्याचा घसारा, वीज आणि दोन जादा कीपरांचे, म्हणजे जनावरं सांभाळणाऱ्यांचे, पगार पुढची तीस वर्षं बिनअटीच्या कप्प्यातून जातात. शहाणी संस्था बांधकामाची देणगी मागतानाच देखभालीसाठी कायम निधीत भर मागून घेते. कायम निधी म्हणजे आपल्या वाचनालयांच्या अहवालात असतो तोच. मुद्दलाला हात लावायचा नाही. इथे सहसा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी मूल्याच्या ४ ते ५ टक्के दरवर्षी खर्चाला काढतात. सरासरी अशासाठी की शेअर बाजार एका वर्षी आपटला म्हणून जनावरांच्या दवाखान्याचं बजेट आपटू नये.

ताळेबंदात नवख्या माणसाला गंमत वाटेल अशी जागा म्हणजे जनावरांची. कित्येक अमेरिकी संग्रहालयं आपल्या सगळ्या प्राण्यांची किंमत मिळून एक डॉलर लावतात, किंवा लावतच नाहीत. कारण या प्राण्यांना बाजारभावच नाही. एझेडए, म्हणजे असोसिएशन ऑफ झूज अँड अ‍ॅक्वेरियम्स, या संस्थेच्या मान्यताप्राप्त संग्रहालयांत वाघासारख्या जातींची वंशावळ एकत्र ठेवली जाते. कुठल्या नराची कुठल्या मादीशी जोडी लावायची, याची शिफारस त्या वंशावळीवरून होते. त्यानुसार वाघ एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो तो विक्रीने नाही. पैसे लागतात ते पेटीला, वाहतुकीला आणि सोबत जाणाऱ्या कीपरला. गेटावरची रांग ज्याच्यामुळे लागते, तोच कागदावर जवळजवळ फुकट.

खर्चाकडे वळलं की बहुतेकांचा अंदाज चुकतो. सगळ्यात मोठा आकडा चाऱ्याचा नसतो, पगाराचा असतो. कीपर, डॉक्टर, प्लंबर, माळी, तिकीट खिडकी. खाण्याचा आकडा त्याच्या मानाने लहान, पण चूक सगळ्यात लवकर तिथेच महागात पडते. पेंग्विनचं उदाहरण घ्या. वूडलँड पार्कमध्ये हम्बोल्ट पेंग्विन आहेत, राणीच्या बागेतलीच जात. मासळी हंगामात एकदम घेऊन शीतगृहात ठेवतात. गोठवलेल्या काही जातींच्या मासळीत ब१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, आणि साठवणीत ई जीवनसत्त्वही कमी होतं. म्हणून मासळी आदल्या रात्री फ्रिजमध्येच विरघळू देतात, पाण्याखाली धरत नाहीत. दर किलो मासळीमागे २५ ते ३० मिलिग्रॅम ब१ आणि १०० युनिट ई द्यायचं, हा रूढ दंडक आहे. गोळी माशाच्या कल्ल्यात खोचायची आणि तोच मासा त्या पक्ष्याला पहिला द्यायचा. पोट भरल्यावर दिला तर तो टाकून देतो. गोळ्या चुकल्या की काही आठवड्यांनी पक्षी डुलायला, पडायला लागतो. वाघाचं वेगळं. नुसत्या लाल मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. नुसतं मांस घातलं तर बछड्यांची हाडं मऊ पडतात. म्हणून कॅल्शियम घातलेला खिमा, आणि अधूनमधून उपासाच्या दिवशी चघळायला हाड.

शेणाचेही पैसे होतात, हे आपल्याकडच्यांना सांगायला नको. इथे त्याला 'झू डू' म्हणतात. फक्त शाकाहारी जनावरांचं शेण घेतात. मांसाहारी आणि माकडांचं नाही, कारण त्यांचे रोग आणि जंत माणसाला लागू शकतात. शेण, पेंढा, पालापाचोळा यांचा लांब ढीग लावून उलथत राहायचं. उघड्या ढिगाचा अमेरिकी दंडक असा की तापमान १५ दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे आणि तेवढ्यात ढीग पाचदा तरी उलटला पाहिजे. कडेचा माल आत गेला नाही तर तणाचं बी मरत नाही. दुसरा धोका लपलेला. चाऱ्याच्या गवतावर टिकाऊ तणनाशक मारलेलं असेल तर ते जनावराच्या पोटातून सहीसलामत बाहेर येतं, आणि त्या खतावर लावलेल्या टोमॅटोची, घेवड्याची पानं आकसतात. म्हणून गवत घेतानाच फवारणी विचारायची.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर पिंजऱ्यात नाही, तळ्यात आहे. १९९० च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यात वेस्टर्न पाँड टर्टल जातीची जेमतेम दीडशे कासवं उरली होती. तळी बुजली, आणि बाहेरून आणलेले बुलफ्रॉग बेडूक उरलेल्या तळ्यांत पिल्लं गिळत होते. १९९१ पासून राज्याचं वन्यजीव खातं आणि झू मिळून साधासा उपाय करत आहेत. माद्यांचा रेडिओने माग काढून घरटी शोधायची, वर जाळी टाकायची, पिल्लं झूत आणायची. रानात ती थंडीभर निपचित पडतात आणि वाढत नाहीत. इथे उबेत ठेवून हिवाळाभर खाऊ घालतात. दहा महिन्यांत पिल्लू रानातल्या तीन वर्षांच्या कासवाएवढं होतं, म्हणजे बेडकाच्या तोंडात मावत नाही. मग तळ्यात सोडायचं. अशी दोन हजारांवर कासवं सोडून झाली.

कासव बघायला कुणी तिकीट काढत नाही. तिकीट वाघाचं निघतं, आणि त्यातून काचेच्या टाक्या, दिवे आणि त्या कीपरचा पगार निघतो. हिमबिबट्यांसाठी काम करणारी स्नो लेपर्ड ट्रस्ट ही संस्थासुद्धा याच झूतल्या हेलन फ्रीमन यांनी १९८१ मध्ये सुरू केली. आज ती मंगोलियापासून आपल्या स्पितीपर्यंत काम करते, आणि तिथल्या गावकऱ्यांच्या जनावरांचा विमा हा त्यातलाच भाग. संग्रहालयाने चालू खर्चाच्या ३ टक्के तरी रानातल्या संवर्धनावर घालावेत, असं एझेडएचं उद्दिष्ट आहे. ३ टक्के कमी वाटतात, आणि आहेतच. पण हेतूच्या मोठ्या वाक्यांपेक्षा हा आकडा विचारलेला बरा.

तो कुठे सापडतो? आपल्याकडे न्यास धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब देतात. इथे ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी मिळालेली धर्मादाय, संस्था आयकर खात्याला दरवर्षी फॉर्म ९९० देते, आणि तो कुणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येतो. भाग ८ मध्ये जमा. भाग ९ मध्ये खर्च तीन रकान्यांत: काम, कचेरी, देणगी गोळा करणं. भाग ७ मध्ये वरिष्ठांचे पगार नावानिशी. शेड्यूल डीमध्ये कायम निधी, आणि शेड्यूल एफमध्ये परदेशात दिलेले पैसे. देणगीदारांची नावं मात्र लोकांना दिसत नाहीत. आम्ही आधी भाग ९ बघतो आणि लागलीच भाग ७. अर्थात फॉर्म भरला म्हणून सगळं आलबेल असं नाही. ओहायोतल्या एका मोठ्या संग्रहालयात वरिष्ठ अधिकारी संस्थेची घरं आणि तिकिटं घरच्यांसाठी वापरत होते. वर्तमानपत्राने ते उघड केलं, २०२१ मध्ये एझेडएने मान्यता काढली, २०२३ मध्ये ती परत मिळाली, आणि पुढे अधिकाऱ्यांना शिक्षाही झाल्या. म्हणजे बिनपगारी संचालक मंडळसुद्धा झोपू शकतं. कारखाने पाहिलेल्यांना यात नवल नाही.

सगळीकडे तिकीट असतं असंही नाही. सेंट लुईसमध्ये प्रवेश फुकट. तिथल्या मतदारांनी १९१६ मध्येच घरपट्टीतून झूला पैसे द्यायचं ठरवलं, आणि १९७१ पासून शेजारची काउंटीही त्यात आली. शिकागोचं लिंकन पार्क झूही फुकट. १८६८ मध्ये न्यूयॉर्कहून भेट आलेल्या राजहंसांनी त्याची सुरुवात झाली, आणि १९९५ पासून तेही अशीच एक सोसायटी चालवते. आपल्याजवळचं उदाहरण म्हैसूरचं. १८९२ चं संग्रहालय, कारभार कर्नाटक प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाकडे, आणि खर्चाचा मोठा भाग गेटावरून आणि प्राणी दत्तक योजनेतून. भारतात आठवड्यातून एक दिवस गेट बंद ठेवण्याचा नियम आहे. सिएटलचं झू नाताळ सोडला तर रोज उघडं असतं. जनावरांसाठी आपला नियम बरा, गल्ल्यासाठी त्यांचा.

सांगलीत किंवा साताऱ्यात असं काही उभं करावं असा विषय निघाला, तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता ही पहिली पायरी. पण सुरुवात पिंजऱ्यापासूनच व्हायला हवी असं नाही. सागरेश्वर अभयारण्य माणसांनी झाडं लावून, हरणं सोडून उभं केलं, तेही जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरमध्ये. कास पठारावर शुल्क गावांची समिती घेते. ना नफा झूची निम्मी गोष्ट तिथेच आहे: गेटावरचा पैसा जागेवरच राहतो.

आईवडील येणार असतील तर तिकीट एकेकटं काढू नका. त्यांचा मुक्काम तीन महिन्यांचा असेल तर घरचा पास घ्या, आणि घेतानाच पाहुण्यांची नावं कशी चालतात ते विचारा. दुसऱ्या शहरात फिरणार असाल तर त्याच पासावर बऱ्याच एझेडए संग्रहालयांत अर्धं तिकीट पडतं. जाण्याआधी तिथे फोन करा. देणगी २५० डॉलर किंवा जास्त असेल तर करासाठी लेखी पावती लागते. तुमच्या देणगीत ऑफिस स्वतःकडून तेवढीच भर घालत असेल तर तो अर्ज त्याच दिवशी भरा, वर्ष उलटलं की राहून जातो. आणि जेवण घरून नेता येतं. भाकरी-ठेचा घेऊन बसायला आत बाकं आहेत.